ऐकलेली प्रार्थना

वालूरच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक माणिकराव यांना कुणी आळशी म्हटले असते तर त्याचे त्यालाच हसू आले असते. सेलू स्टेशनापासून बैलगाडीच्या वाटेवर असलेल्या त्या गावात मिशनने एक दगडी इमारत बांधून दिली होती. तिच्या अर्ध्या भागात ख्रिस्ती उपासनेचे देऊळ, अर्ध्यात पाळकाचे बिऱ्हाड आणि मध्ये एकच भिंत. कोंबडा आरवायच्या आत माणिकराव देवळात गुडघे टेकत आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात प्रार्थना करत. पाळकाची प्रार्थना म्हणजे विहिरीचा झरा, तोच आटला तर मोट मारून काय उपयोग, असे ते तरुण उपदेशकांना सांगत, आणि सांगताना त्यांना स्वतःचे थोडे कौतुकही वाटे.

जर्मनीशी लढाई चालू होती त्या काळातली गोष्ट. एका पहाटे त्यांचे तोंड आजाऱ्यांसाठी, पेरणीसाठी, निजाम सरकारसाठीसुद्धा नेमाने मागत असताना त्यांच्या लक्षात आले की मन मघापासून छपराची कौले मोजते आहे. ते मनाने बाजूला होऊन नुसते ऐकू लागले असते तरी तोंडाने आपले आपण शेवटपर्यंत निभावून नेले असते. दुसरा कुणी म्हणाला असता, तोंडपाठ गोष्टीचे असेच व्हायचे, आणि विसरून गेला असता. माणिकराव हट्टी होते. खरे शब्द येईपर्यंत तोंड उघडायचे नाही, असे ठरवून ते दुसऱ्या दिवसापासून नुसते गुडघे टेकून बसू लागले. शब्द आले नाहीत. पुढे त्यांच्या बायकोला, कावेरीला, मुदतीचा ताप भरला, तरीही आले नाहीत. भीती मात्र पोटभर वाटत होती.

अशात एका सकाळी समोरची बायनाबाई दूध घालायला आली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "साहेब, तुमची प्रार्थना ऐकली. म्हैस सुखरूप व्याली."

मंडळीत या वाक्याचा एकच अर्थ असतो. माणिकरावांनी सवयीने मान लववली. "देवाने ऐकली, बाई."

"देवाचं देवाला म्हाईत. म्या ऐकली म्हणायलेय. पहाटं माज्या म्हशीचं नाव घेऊन मागत व्हता की तुमी. येवढ्या मोठ्यानं मागायलाव, अन् ऐकू येणार न्हाई?"

बाईचा काही घोटाळा होतो आहे, असे समजून ते हसले. मग दूध आत नेताना त्यांच्या लक्षात आले की म्हैस अडली होती हे त्यांना या घटकेपर्यंत ठाऊक नव्हते.

त्या संध्याकाळी कावेरी आपणहून म्हणाली, "अलीकडं तुमची प्रार्थना लय बरी वाटते. आधी तहसीलदारापुढं भाषण केल्यासारखं मागायचात. आता माणसासारखं मागता. माझं नाव घेता ना, तेव्हा अंगातली आग कमी होते." मिशनच्या दवाखान्यातले डॉक्टरही म्हणून गेले होते की पहाटे ताप उतरतो आहे ही चांगली खूण. माणिकरावांच्या ओठावर खरे आले होते, पण त्यांनी तिच्या कपाळावरची ओली पट्टी तेवढी बदलली. बुडत्याच्या हातातली काडी कोण काढून घेईल?

मग त्यांनी स्वतःवरच पाळत ठेवली. पहाटे ओठांवर बोट ठेवून बसावे, ओठ हलत नाहीत याची खात्री करावी, कान द्यावा. देवळात मुंगीचासुद्धा आवाज नसे. बाहेर यावे तर गल्लीतली माणसे आदराने बाजूला होत. आपल्याला वेड लागते आहे की गावाला, हे त्यांना ठरवता येईना, आणि विचारायचे कुणाला हेही कळेना. शेवटी त्यांनी बायनाबाईलाच, गंमत केल्यासारखे विचारले, "आज मी काय काय मागितलं, सांगा बरं."

तिने सरळ सांगितले. कावेरीबाईचा ताप, माधवरावाच्या पोराचा डोळा, नदीकाठच्या लोकांची ज्वारी. मग ती जरा अडखळली. "येक तेवढं कळलं न्हाई मला. तिच्या जागी मला ने, हे माज्यानं म्हणवत न्हाई, असं कायतरी म्हणलाव. अन् मग लय रडलाव."

ही गोष्ट माणिकरावांनी कावेरीला सांगितली नव्हती, देवाला सांगितली नव्हती, आणि खरे पाहता स्वतःलाही कधी धड शब्दांत सांगितली नव्हती. त्यांना बायनाबाईची लाज वाटली, मग राग आला, आणि राग कुणाचा हे त्यांना कळेना.

दुसऱ्या पहाटे गुडघे टेकताच त्यांचे तोंड उघडले. कितीतरी दिवसांनी शब्द आले, वेडेवाकडे, मोडके, पण आले, आणि प्रत्येक शब्दामागे ते स्वतः होते. तिच्या जागी मला ने, असे ते भिंतीला हात टेकून ओरडून म्हणाले. त्यांचा घसा बसला, सदरा भिजला. उठले तेव्हा त्यांना हलके वाटत होते, अगदी भूक लागल्यासारखे.

दारात बायनाबाई उभी होती, काळजीने बघत. "बरं न्हाई का, साहेब? आज गपच व्हता. समदी गल्ली वाट बघायलीय."

ते धावत घरात गेले. कावेरी तापाने फणफणली होती. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. तिने डोळे न उघडताच त्यांचा हात शोधला.

"आज का केली नाही प्रार्थना? मी कान लावून पडले होते."

"केली गं," ते बसलेल्या घशाने म्हणाले. "आत्ताच केली."

"मला आली नाही ऐकू," ती लहान मुलासारखी रडू लागली. "जा ना. एकदा करून या."

माणिकराव परत देवळात आले आणि त्याच जागी गुडघे टेकून बसले. बोललो तर तिला ऐकू जाणार नाही, एवढेच त्यांना आता समजत होते. त्यांनी दात घट्ट मिटले आणि तोंडावर दोन्ही हात दाबून धरले. बाहेर उजाडत होते. मनात काहीही येऊ द्यायचे नाही म्हणून ते कौले मोजू लागले. त्यांच्या आवाजात काय मागितले जात होते, किंवा काही मागितले जात होते की नाही, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून कावेरीचा आवाज आला, स्वच्छ आणि सुटका झाल्यासारखा.

"आमेन," ती म्हणाली.