माझं तोंड बदललं तेव्हा

खरं तर बोलणं हे माझं काम नाही. माझ्यावर बोट टेकवायचं आणि बोलायचं तुम्ही, अशी आपली रीत. पण मध्यंतरी माझ्याबद्दल इतके लोक इतकं काही बोलले, की आता चार शब्द मीही बोलून घेतो.

मी एक आयकॉन. तुमच्या फोनच्या पडद्यावर नखाएवढी जागा अडवून बसलेलं चित्र. माझ्यामागे एक ॲप आहे. त्यातून लोक एकमेकांना आपला आवाज पाठवतात. लिहायचं काही नाही, बोट दाबून धरायचं, बोलायचं आणि बोट सोडायचं. सगळी मेहनत ते ॲप करतं आणि लोक ओळखतात मला. याची मला थोडी लाज वाटते, पण फार नाही.

माझा जन्म झाला तेव्हा आमच्या कंपनीत चार माणसं होती आणि एकच खोली. त्यातली एक चित्रकार मुलगी होती. तिने मला काढलं ते तिच्या आत्याच्या खिडकीवरून. लहानपणी सुट्टीत ती आत्याकडे राहायची, आणि जेवायची वेळ झाली की आत्या पहिल्या मजल्याच्या खिडकीतून खाली खेळणाऱ्या पोरांना हाक मारायची. ती हाक तीन गल्ल्या ऐकायच्या. म्हणून मी झालो एक पिवळी खिडकी, दोन्ही झडपा उघड्या. उजवी झडप जराशी तिरपी, कारण आत्याच्या खिडकीची बिजागरी कायम ढिली असायची.

आत्याचं आयुष्य शिवणकामात गेलं. कोटाची अस्तरं, पडदे, पँटच्या खालच्या पट्ट्या. आता वय झालं, तरी खिडकीशी मशीन आहे आणि दुपारपर्यंत ती चालते. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे चित्रकार मुलीचा बाप, दुसऱ्या गावात घड्याळं दुरुस्त करायचा. आता दुकान बंद आहे, पण घरातली सात घड्याळं तो रोज जुळवतो. दोघंही एकेकटी राहतात. मुलीने दोघांच्या फोनमध्ये मला बसवलं आणि तेव्हापासून एक नेम पडला. सकाळी सात वाजता आत्या खिडकीवर बोट ठेवायची आणि म्हणायची, "उठले रे." तिकडून उत्तर यायचं, "मीपण उठलो, ताई." बास. पुढे कधी हवापाणी, कधी गुडघेदुखी, पण पहिला आवाज नेहमी तिचा. ती थोरली ना.

पाच वर्षांत कंपनी वाढली. चाराचे दोनशे झाले, खोलीचे तीन मजले झाले, आणि एक नवे साहेब आले. साहेबांनी मला पाहिलं आणि नाक मुरडलं.

"खिडकी फार जुनाट वाटते," ते म्हणाले. "आपण कुठे चाललोय हे दिसत नाही त्यात."

खिडकी कुठे जात नसते हे त्यांना कोणी सांगितलं नाही. चित्रकार मुलीला तीन महिने मिळाले. तिने मन लावून काम केलं, खोटं कशाला सांगू. तीन महिन्यांनी मी एक जांभळा गोल झालो आणि माझ्या मधोमध दोन आखूड, तिरप्या फटी आल्या. साहेबांनी सभा घेतली. मला भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं, दाराएवढा. डावी फट म्हणजे बोलणारा, ते म्हणाले, उजवी म्हणजे ऐकणारा, आणि मधली जागा म्हणजे विश्वास. माझ्या पोटात विश्वास आहे हे मला त्या दिवशी कळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नखाएवढा करून मला कोणीच पाहिलं नाही.

मग एका बुधवारी पहाटे, लोक झोपेत असताना, सगळ्या फोनांत माझं तोंड बदललं. आणि जो काही गिल्ला झाला म्हणता.

पहिली तक्रार सहा वाजून दोन मिनिटांनी आली. "माझ्या फोनवर डुकराचं नाक आलंय, कसं घालवायचं?" दुपारपर्यंत डुकराचं नाक हे माझं नावच पडलं. एका बाईंना मी कापलेला कांदा वाटलो. एका दंतवैद्याने लिहिलं की हे पाहून त्याला दोन पडलेल्या दातांची आठवण येते, आणि सुट्टीच्या दिवशी त्याला दात बघायचे नसतात. एका गृहस्थांनी लिहिलं, "मी हे ॲप अकरा वर्षं वापरतोय, असा अपमान कधी झाला नव्हता." ॲपला पाच वर्षं झाली होती. आणखी एकाने रागाच्या भरात ॲप काढून टाकलं. तासाभराने परत घेतलं, कारण बायकोला निरोप द्यायचा होता. निरोप काय, तर आपण ते ॲप काढून टाकलंय.

मी थोडा दुखावलो, पण खरं सांगू का, मजाही वाटली. पाच वर्षं कोणी माझ्याकडे धड पाहिलं नव्हतं. आता जो तो चष्मा लावून पाहत होता.

चित्रकार मुलगी रोज सकाळी तक्रारी वाचायची आणि एका तक्त्यात भरायची. सभेत साहेब तो तक्ता लावायचे. तक्रार करणारे लाल, आणि जे काही बोलले नाहीत ते सगळे हिरवे. हिरव्यांच्या डोक्यावर शब्द होता, समाधानी. "बघा," साहेब म्हणायचे, "शंभरातले अठ्ठ्याण्णव खूश आहेत." आमच्या ऑफिसात ही पद्धतच होती. जो गप्प, त्याला पसंत.

त्या हिरव्यांत आत्याही होती.

आता आदल्या दिवशीचं सांगतो, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही. मंगळवारी भाऊ बोलता बोलता म्हणाला होता, "ताई, आता ती मशीन देऊन टाक कोणालातरी. परवा पाठवलेल्या माझ्या शर्टाला तू वेगळ्याच रंगाचा दोरा लावलास. डोळे गेलेत तुझे." आत्याने फोन ठेवला आणि सुईत दोरा ओवत बसली. तो तिसऱ्या खेपेला ओवला गेला.

बुधवारी सकाळी सातला तिने फोन घेतला आणि बोट नेहमीच्या जागी नेलं. खिडकी नव्हती. बोट तसंच अधांतरी थांबलं. मी तिथेच होतो हो! तिच्या बोटाखाली, तसूभर अंतरावर, जांभळं तोंड करून. ती माझ्याकडे पाहत होती आणि मला ओळखत नव्हती. मला हाक मारायची सोय नाही. तिने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, मग हळूच म्हणाली, "पुसली गेली वाटतं माझ्याकडून."

तिला वाटलं, काल रात्री चुकून काहीतरी दाबलं गेलं. दिसलं नसेल. म्हणजे भाऊ म्हणतो ते खरंच. त्याला साधा फोन लावून सांगता आलं असतं, पण सांगायचं काय? डोळे गेलेत म्हणून? तिने फोन दोऱ्याच्या रिळांच्या खणात ठेवला आणि खण लावून घेतला.

तिकडे सात वाजले. सातही घड्याळांत वाजले. भाऊ फोन हातात घेऊन बसला. साडेसात झाले, आठ झाले. त्याने आत्याच्या घराखालच्या बेकरीवाल्याला फोन लावला.

"वरती सगळं ठीक आहे ना?"

"अहो, मशीन धडधडतेय सकाळपासून. माझ्या छताची माती पडतेय पावावर."

म्हणजे ठीक आहे आणि रुसली आहे, असा त्याने हिशेब केला. आणि तोही रुसला. त्याने एक निरोप जरी पाठवला असता तरी माझ्या डोक्यावर लाल ठिपका आला असता, फोन वाजला असता, तिने उघडला असता. पण पहिला आवाज तिचा, हा नेम. नऊ दिवस दोघंही नेमाला धरून बसली. त्या नऊ दिवसांत मला डुकराचं नाक म्हणणारे चार हजार झाले, आणि मला त्यांचं काहीच वाटेनासं झालं होतं. मी खणातल्या अंधारात रिळांमध्ये पडून मशीनचा आवाज ऐकत होतो. तो दिवसेंदिवस लवकर बंद व्हायला लागला होता. नवव्या दिवशी मशीन सुरूच झाली नाही, आणि तिने तिच्यावर कापड घातलं.

त्या रात्री भावाने मुलीला फोन केला. "तुझी आत्या माझ्याशी बोलत नाही. मी मशीनबद्दल बोललो ना. आणि आज बेकरीवाला म्हणतो, आवाज नाही."

दुसऱ्या दिवशी मुलगी आत्याकडे आली. हातात कोपरावर उसवलेला कोट होता, निमित्त म्हणून. तिने कापड घातलेली मशीन पाहिली.

"हे काय?"

"आता बंद केलं. द्यायची आहे कोणालातरी."

"बाबांच्या बोलण्यावरून? म्हणून बोलत नाहीस त्यांच्याशी?"

आत्या बराच वेळ कोटाची शिवण चाचपत राहिली. मग म्हणाली, "ठमे, कोणाला सांगू नकोस. माझ्याकडून ती खिडकी पुसली गेली. कधी पुसली ते मला दिसलंच नाही. तुझा बाप म्हणतो ते खरं आहे."

मुलीने चार हजार तक्रारी वाचल्या होत्या. शिव्या वाचल्या होत्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते आत्ता.

"आत्या, तू काही पुसलं नाहीस. ते चित्र मी बदललं."

"तू?"

"हो."

"कशाला गं? काय त्रास देत होती ती खिडकी तुला?"

याचं उत्तर साहेबांच्या चौसष्ट पानी सादरीकरणातही नव्हतं. मुलीने खणातून फोन काढला, चार्जिंगला लावला आणि माझ्याकडे बोट केलं. आत्याने चष्मा नाकावर नीट बसवून मला पाहिलं. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

"हे होय? हे तर बटण आहे," ती म्हणाली. "दोन भोकांचं. भोकं ताणून लांबट झालीत, आणि बसवलंयही वाकडं. मला वाटलं, कसलीतरी जाहिरात."

मग तिने बटण दाबून धरलं. दुपारचे साडेचार वाजले होते.

"उठले रे," ती म्हणाली.

उत्तर यायला अर्धं मिनिट लागलं. "आज फार उशीर केलास, ताई." आणि मागे घड्याळांची टिकटिक. मी पुष्कळांचे आवाज वाहिलेत, पण त्या आवाजात इतका ओलावा होता, की माझी मधली जागा भरून आली. कापड निघालं, आणि कोटाचं कोपर त्याच संध्याकाळी शिवून झालं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण आमचे साहेब! डुकराच्या नाकाला कंटाळून त्यांनी हुकूम सोडला, खिडकी परत आणा, आजच्या आज. मुलगी म्हणाली, "आधी लोकांना कळवू या." साहेब म्हणाले, "चांगल्या बातमीला काय कळवायचं?" आणि पुन्हा एका पहाटे, लोक झोपेत असताना, मी पिवळी खिडकी झालो. तीच तिरपी झडप. लोकांनी जल्लोष केला. दंतवैद्याने आभार मानले.

माझं लक्ष मात्र एकाच फोनात होतं. सात वाजले. आत्याचं बोट आलं, जिथे बटण होतं तिथे. आणि थांबलं. माझ्या डोळ्यांसमोर रिळांचा खण आला.

पण बोट मागे गेलं नाही. तिने चष्मा घातला, सगळा पडदा एका टोकापासून पाहिला, मला शोधलं आणि दाबून धरलं. निरोप भावाला नव्हता. भाचीला होता.

"ठमे, काल बटण होतं, आज खिडकी. काय मांडलंय हे तुम्ही? माणसाला आदल्या दिवशी सांगायला काय होतं? आणि एक ऐकून ठेव, माझे डोळे ठीक आहेत. हे तुझ्या साहेबाला सांग." मग भावाला, नेहमीसारखं, "उठले रे."

मुलीने तो निरोप सभेत सगळ्यांना ऐकवला, आणि तक्त्यात आत्याला हिरव्यातून उचलून लालात टाकलं. साहेब चेहरा पाडून म्हणाले, "आता यांना काय झालं?"

मी सध्या खिडकी आहे. किती दिवस, ते साहेबांना ठाऊक. तुम्ही मला काहीही म्हणा, कांदा म्हणा, नाक म्हणा, मला चालतं. फक्त माझं तोंड पुन्हा बदलाल तेव्हा आदल्या दिवशी दोन शब्द सांगा. आणि तुमच्या घरात कोणी अचानक गप्प झालं असेल, तर त्यांचा फोन कुठल्या खणात आहे ते एकदा बघा.

आत्याची ती तक्रार माझ्याकडे जपून ठेवलेली आहे. ती बोलत असताना मागे, तिच्या पायांखाली, मशीन चालू होती.