पाच सेकंदांची जागा

ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे ही चार कौशल्ये मी रोज संध्याकाळी सहा ते आठ या वेळात शिकवतो. वर्ग एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर भरतो. खाली यंत्र सुरू झाले की जमीन थरथरते आणि टेबलावरचे खडू आपोआप कडेकडे सरकत जातात. शिकायला येणारी तेरा माणसे वयाने माझ्याहून मोठी आहेत. शाळा अर्ध्यात सुटलेली, पण नोकरीत वरची जागा हवी तर प्रमाणपत्र लागते, म्हणून आलेली.

वाचणे आणि लिहिणे मला सहज शिकवता येते, कारण त्यात डोके खाली घालून बसता येते. बोलण्याचे मात्र माझ्याने होईना. तेरा जणांसमोर उभा राहिलो की माझा आवाज पहिल्या बाकापाशीच बसे. वर्गात मला 'कुजबुज सर' म्हणत, हे मला ठाऊक होते. म्हणून मी एक तोड काढली. भाड्याच्या खोलीत कपाटाचे दार उघडून, कपड्यांत तोंड घालून, चाळीस संवाद ध्वनिमुद्रित केले. प्रश्न माझ्या आवाजात, आणि त्यापुढे उत्तरासाठी रिकामी जागा. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून मोजलेली, प्रत्येक वेळी पाच सेकंद. मंडळी ते फोनवर घेऊन घरी जात आणि त्या जागेत उत्तरे देत. पाचच का, हे मी स्वतःला कधी विचारले नव्हते.

वर्गात एक मावशी होत्या. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चौदा वर्षे चादरींच्या घड्या घालणाऱ्या. वाफेने त्यांची छाती धरली होती. डॉक्टरांनी वाफेतून बाहेर पडायला बजावले होते, आणि चौकशीच्या खिडकीवरची एक जागा रिकामी झाली होती. शनिवारी बोलण्याची परीक्षा. त्यात पास झाल्या तर खिडकी, नाहीतर पुन्हा चादरी.

सोमवारी मुख्य केंद्रातून एक बाई सराव परीक्षा घ्यायला आल्या. त्यांनी मावशींना विचारले, "एखादा घाबरलेला माणूस तुमच्यापुढे आला, तर काय कराल?"

"आधी त्याला बसायला सांगेन, मग पाणी देऊन..." एवढे म्हणून मावशी थांबल्या. नळ बंद करावा तशा.

बाई वाट पाहत राहिल्या. मावशीही शांतपणे पुढच्या प्रश्नाची वाट पाहत राहिल्या. त्यांच्यानंतरचे रखवालदार काका तसेच थांबले. त्यांच्यानंतरचे सगळेच. जाताना बाईंनी मला जिन्यात गाठले. "तुमचे विद्यार्थी चांगले बोलतात हो, पण सगळे एकाच ठिकाणी गप्प कसे होतात? भीती घातलीय की काय कुणी?"

मी वर्गात परतून हेच विचारले.

"भितंय कोण?" रखवालदार काका म्हणाले. "वेळ संपली की थांबायचं."

"तुमचा तो फोनमधला माणूस तेवढाच थांबतो ना, सर," मावशी म्हणाल्या. "पुढचं त्याला ऐकायचंच नसतं. आमचं अर्ध्यात असतानाच दुसरा प्रश्न! मग उगाच कशाला तोंडाची वाफ दवडायची? तिकडे दिवसभर वाफच आहे."

वर्ग खो खो हसला. मीही हसलो, जरा उशिराने.

खोलीकडे चालत जाताना मला माझे वडील आठवले. मी बोलू लागलो की ते वर्तमानपत्र खाली करीत. आणि माझे वाक्य क्रियापदापर्यंत पोहोचण्याच्या आत ते पुन्हा वर जाई. तेवढ्या अवकाशात मावेल तेवढेच बोलायची सवय मला तिथे लागली. वडील जाऊन चार वर्षे झाली. वर्तमानपत्र वर जाण्याआधीचा तो अवकाश माझ्यात राहिला. आई दर रविवारी फोन करते. जेवलास का? हो. काम? चाललंय. बरं, ठेवते. मला वाटत आले होते की माणसे एकमेकांचे इतकेच ऐकतात. आणि हे माझे दुखणे मी तेरा जणांना धडा म्हणून शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना अर्धा तास आधी बोलावले. फोन नाही, घड्याळ उलटे ठेवलेले, समोरासमोर दोन खुर्च्या.

मी तोच प्रश्न विचारला. त्या तिथेच थांबल्या.

"पुढे?"

"पुढे काय?"

"बोला ना. मी ऐकतोय."

"ऐकताय, मग जमिनीकडे काय बघताय? काही पडलंय का?"

मी मान वर केली. इतक्या जवळून कोणाच्या डोळ्यांकडे पाहून मला किती दिवस झाले होते, कोण जाणे. बुधवारी त्या अर्ध्या मिनिटापर्यंत आल्या, आणि वर्गात बाकीच्यांनाही मी फोनशिवाय, समोरासमोर बसवून बोलायला लावले. गुरुवारी त्यांनी एक हकीकत सांगितली. बायकोला भेटायला आलेला एक माणूस चुकीच्या जिन्याने उतरून थेट धुलाईखान्यात आला होता. मावशी हातातली चादर टाकून त्याच्याबरोबर तिसऱ्या मजल्यापर्यंत गेल्या. "रस्ता त्याला पाटीवरूनही कळला असता, सर. त्याला बरोबर कुणीतरी हवं होतं." खालचे यंत्र कधी थांबले, ते आम्हाला कळले नाही.

"आता तुमची पाळी," त्या म्हणाल्या. "उत्तर देणाऱ्यानं उलट विचारावं, असं तुम्हीच धड्यात घातलंय. घरी कोण कोण?"

"आई. वडील नाहीत. आई भावाकडे असते," मी म्हणालो, आणि थांबलो.

मावशींनी हात वर करून पाचही बोटे पसरली. "झाले की पाच! सर, तुम्ही तर नापास."

शनिवारी त्या पास झाल्या. रखवालदार काकाही पास झाले. ते इतके बोलले म्हणे, की शेवटी परीक्षकांना घंटा वाजवावी लागली. उत्तीर्ण झालेली माणसे पुन्हा वर्गात येत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. मावशींची खुर्ची मी भिंतीशी सरकवून ठेवली.

महिन्याभराने एका दुपारी इस्पितळावरून जात होतो. काचेपलीकडे चौकशीच्या खिडकीत मावशी दिसल्या. समोर एक म्हातारे गृहस्थ हातवारे करून काही सांगत होते. मावशींच्या हातात पेन होते, पण ते हलत नव्हते. त्या नुसत्या वर पाहून ऐकत होत्या. मी समोरच्या पदपथावर बराच वेळ उभा राहिलो. आत जावेसे वाटले. पण ज्याची चौकशी करावी असे आत माझे कोणीच नव्हते.

रविवारी आईचा फोन आला.

"जेवलास का?"

"हो."

"काम?"

"चाललंय."

"बरं, ठेव—"

"आई, ठेवू नकोस."

"का रे? काय झालं? बरं नाहीये का?"

"बरा आहे. सांगतोय तुला काहीतरी. जरा लांबलचक आहे."

"मग सांग की."

मी चुकीच्या जिन्याने उतरलेल्या त्या माणसापासून सुरुवात केली. आवाज बसत होता. तरी पुढे जात राहिलो. पलीकडे भावाच्या घरातला टीव्हीचा आवाज कुणीतरी बारीक केला.