तीन पर्यायांपैकी एक

नव्या सॉफ्टवेअरचा ऑनलाइन डेमो सुरू झाला आणि थोड्याच वेळात आश्लेषाने तो आवाज ओळखला. कॅमेरा बंद होता, नावाच्या जागी कंपनीचं चिन्ह दिसत होतं. बोलणारा इंग्रजीतच बोलत होता. पण प्रत्येक मुद्द्यानंतर क्षणभर थांबायचं, समोरच्याला समजलंय याची खात्री करायची आणि मगच पुढे जायचं, ही सवय एकाच माणसाची होती. तिने माइक सुरू केला.

"सलिल?"

पलीकडून मराठीत उत्तर आलं, "हो. मीटिंगमध्ये तुझं नाव बघितलं मी. म्हटलं, आधी काम होऊ दे."

बेलापूरच्या ऑफिसातून अल्पेश ऐकत होता. तो आश्लेषाचा मॅनेजर, मूळचा उरणचा. "मॅडम, ओळखीचेच हायेत म्हणजे. मग ट्रायलला सोपं जाईल," तो म्हणाला आणि डेमो पुढे सुरू झाला.

त्यांची कंपनी उरणकडच्या कंटेनर यार्डांसाठी सॉफ्टवेअर बनवत असे. कुठला ट्रक कुठल्या गेटने आत येईल, कुठला कंटेनर कुठे ठेवायचा, हे सगळं त्यावर चाले. वीसेक जण रोज त्या कोडमध्ये काही ना काही बदल करत. प्रत्येक बदल आला की तो बाकीच्या कामाशी जुळतो का, त्याने आधीचं काही मोडत नाही ना, हे आपोआप तपासून मगच तो पुढे सोडणारी एक व्यवस्था ऑफिसातल्या मशीनवर होती. जेनकिन्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर उभारलेली. आश्लेषा आणि सलिल नव्याने नोकरीला लागले तेव्हा दोघांनी मिळून ती बसवली होती. तिच्यात वाईट काही नव्हतं, पण इतक्या वर्षांत ज्याने त्याने आपापल्या सोयीने तिला ठिगळं लावली होती आणि मशीनही म्हातारं झालं होतं. मागच्या महिन्यात एक बदल न तपासताच पुढे गेला आणि एका यार्डाचं गेट अर्धा दिवस उघडेना. ट्रकची रांग पार हायवेपर्यंत गेली. तेव्हा अल्पेशने ठरवलं, नवीन काहीतरी घ्यायचं, आणि काय घ्यायचं ते आश्लेषा सांगेल.

पर्याय तीन होते. जेनकिन्सच नव्या मशीनवर पहिल्यापासून नीट बसवायचं, गिटलॅब नावाचं तयार सॉफ्टवेअर घ्यायचं, किंवा सलिल काम करत होता त्या नेदरलँड्समधल्या छोट्या कंपनीची सेवा घ्यायची.

आश्लेषा हे सगळं नागावहून, वडिलांच्या घरून करत होती. वादळाच्या वर्षी वडिलांच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त सुपारी आणि नारळ आडवे झाले, तेव्हा ती आठवड्याभरासाठी म्हणून घरी आली होती. तेव्हाच सलिलला परदेशात नोकरी मिळत होती. त्याने तिच्यासाठीही विचारून ठेवलं होतं. पुढच्या महिन्यात कळवते, असं ती म्हणाली. मग पडलेली झाडं तोडून हलवण्यात पाऊस संपला, नवी रोपं लावण्यात दिवाळी गेली. तिला कुणी थांबवलं नव्हतं. हरीभाऊंनी, तिच्या वडिलांनी, एकदाही राहा म्हटलं नाही. सलिलनेही, येतेस का, असं पुन्हा कधी विचारलं नाही. तो गेला. भांडण झालं असतं तर निदान ते आठवता आलं असतं, असं तिला पुढे कधी कधी वाटे.

आता ट्रायलच्या निमित्ताने दोघं रोज बोलू लागले. त्याची सकाळ, तिची दुपार. तेच कोड, त्याच चाचण्या ती तिन्ही व्यवस्थांमधून चालवून बघत होती. जेनकिन्सवर हवं ते करता येत होतं, पण प्रत्येक गोष्ट आपणच सांभाळायची. गिटलॅबमध्ये कोड आणि तपासणी एकाच ठिकाणी होती आणि ते स्वतःच्या मशीनवर ठेवता येत होतं. बसवताना मात्र पहिले काही दिवस डोकं उठलं. सलिलच्या व्यवस्थेला बदल नेमका कशात झालाय ते कळायचं आणि ती तेवढ्याच चाचण्या चालवायची. बाकी दोन्हींना पाऊण तास लागत होता, तिथे खाली जाऊन चहा टाकेपर्यंत निकाल आलेला असे.

"हे तू केलंस?" तिने विचारलं.

"बरंचसं. आपण तेव्हा बोलायचो ना, असं करता आलं पाहिजे म्हणून. तेच."

त्या दिवसापासून ती कॉलच्या आधी केस विंचरू लागली. कॅमेरा दोघांचाही बंदच असे. त्याच्या व्यवस्थेवर आपण गरजेपेक्षा जास्त चाचण्या चालवतोय, हेही तिच्या लक्षात आलं. दोघांनीही लग्न केलेलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नाही. एकदा बोलता बोलता तो म्हणाला, की भारतातले दोन-तीन ग्राहक मिळाले तर कंपनी मुंबईत ऑफिस काढणार आहे, आणि तिथे जायची तयारी त्याने दाखवली आहे. तिने नुसतं बरं म्हटलं आणि चाचण्यांबद्दलचा पुढचा प्रश्न विचारला. जवळच्या मांडव्याच्या धक्क्यावरून मुंबईला बोटीने तासाभरात जाता येतं, हा विचार मात्र त्यानंतर तिच्या मनातून हलेना.

"हल्ली दुपारी तुझा आवाज खाली येतो," जेवताना हरीभाऊ म्हणाले. "बरं वाटतं ऐकून."

मग यार्डाकडून निरोप आला. आमच्या कामाचं कोड आणि आमची माहिती तुमच्याच ऑफिसातल्या मशीनवर राहिली पाहिजे, बाहेर जाता कामा नये. सलिलच्या कंपनीचं सगळं त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालत असे. ग्राहकाच्या मशीनवर बसेल असं रूप तीन महिन्यांत देतो, असं त्याच्या साहेबांनी लगेच कळवलं. अल्पेशने आश्लेषाला फोन केला. "तीन महिने थांबायचं तर थांबू मॅडम, मी यार्डवाल्यांना सांभाळून घेतो. तुम्ही म्हणाल ते फायनल."

दुपारच्या कॉलवर तिने सलिलला सरळ विचारलं, तीन महिन्यांत होईल का.

"साहेब म्हणतायत होईल."

"मी तुला विचारतेय."

"नाही होणार, आशू. कुणी हातसुद्धा लावलेला नाही अजून त्याला. वर्ष लागेल. जास्तच, खरं तर."

"मग मी काय लिहू?"

"आहे ते लिही. नाहीतर मुंबईला येऊन तुझ्याच गेटवर अडकलेले ट्रक बघायचे मी."

ती हसली, तोही हसला, आणि कॉल संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत बसून तिने अहवाल लिहिला. सलिलच्या व्यवस्थेचं जे चांगलं होतं ते सगळं लिहिलं, हात आखडला नाही. ती सर्वांत वेगवान आहे आणि सर्वांत विचार करून बनवलेली आहे, असंही लिहिलं. मग लिहिलं, की यार्डाची अट तिच्यात आज बसत नाही आणि नजीकच्या काळात बसेल असं दिसत नाही. गिटलॅब घ्यावं. शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर ती उठली, वाडीला पाणी सोडून आली आणि मगच तिने तो पाठवला. अल्पेशचं 'डन' लगेच आलं.

महिन्याभरात गिटलॅब सुरू झालं आणि नीट चाललं. सलिलच्या कंपनीने ट्रायलचं खातं बंद केलं, तशा तिच्या दुपारीही मोकळ्या झाल्या. मुंबईचं ऑफिस तूर्त होत नाही, असं त्याने दोन ओळीत कळवलं होतं. त्यात तक्रार नव्हती.

एका रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा दिसला. केस कानांवर पांढरे झाले होते. त्याने इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाला, "वाडी दाखव ना. तेव्हा तू फोटो पाठवले होतेस, सगळं पडलेलं. त्यानंतर बघितलीच नाही."

तिने फोनचा कॅमेरा फिरवला आणि निघाली. सुपारी दाखवली, तिच्यावर चढवलेली मिरी दाखवली, वादळातून वाचलेला वाकडा नारळ दाखवला. विहिरीशी आल्यावर म्हणाली, इथून पुढचं सगळं मी स्वतः लावलंय. मग समोर बघत, चालता चालता, सावकाश बोलत राहिली. त्याचा चेहरा दिसत नव्हता म्हणून बोलता आलं. त्या वर्षी रोज रात्री मी बॅग भरायचा विचार करायचे, ती म्हणाली. मला यायचं होतं. झाडं जगतात की नाही एवढं बघू आणि निघू, असं म्हणत राहिले, आणि ती जगली. तू एकदा विचारलं असतंस तर मी निघाले असते, की नसते, ते मला आजही सांगता येत नाही. पण तू विचारायला हवं होतंस.

कुंपणाशी पोचल्यावर तिने फोनकडे पाहिलं. कॉल कधीच तुटला होता.

घराकडे परत येताना फोन वाजला.

"काय झालं मध्येच?" सलिलने विचारलं.

"रेंज जाते तिकडे. कुठपर्यंत दिसलं तुला?"

"विहिरीपर्यंत. तू काहीतरी म्हणत होतीस, मी लावलंय म्हणून. पुढे काय आहे?"

आश्लेषा थांबली. खाली वाकून तिने वाटेत पडलेली सुपारीची झावळी उचलली आणि बाजूला टाकली.

"पुढे नुसती झाडं आहेत," ती म्हणाली.