काहीही करू नका

किल्लीवाल्याचं 'शंकासुर' हे नाव त्याच्या बायकोने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठेवलं आणि पुढे ते गल्लीभर झालं. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. ज्याच्या हातून दिवसाला वीस घरांच्या किल्ल्या जातात त्याने शंका घ्यायची नाही, तर कुणी घ्यायची? कुलूप उघडायला बोलावणं आलं की तो आधी शेजारी जाऊन विचारायचा, हा माणूस इथेच राहतो ना? बाजारातून आणलेली भाजी घरी पुन्हा तोलायचा. "एक दिवस मलाही तोलाल," बायको म्हणायची. तो म्हणायचा, "तुझं वजन मला माहीत आहे."

तेव्हा ताईच्या नावाचा तो जाडजूड लिफाफा उघडला न जाता सरळ त्याच्या दुकानात आला यात नवल नव्हतं. ताई त्याची थोरली बहीण, गल्लीच्या टोकाला पाळणाघर चालवायची. ऐकू कमी यायला लागलं तेव्हा तिने एकटीने जाऊन कानाचं यंत्र हप्त्यांवर घेतलं. यंत्र गुणाचं होतं, हप्ता मात्र सांगितल्याच्या दीडपट निघाला. जाब विचारायला गेल्यावर कंपनीच्या माणसाने तिचाच अर्ज पुढे केला. 'विमा नको असल्यास येथे खूण करावी' असं तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं आणि ताईने खूण केली नव्हती. गप्प बसलात म्हणजे हो म्हणालात, असा तो हिशेब. तीन हप्ते थकले तशी दोन माणसं आली आणि यंत्र घेऊन गेली. महिन्याभरात नऊ मुलांची चार झाली. ऐकू न येणाऱ्या बाईच्या भरवशावर तान्हं मूल कोण सोडेल? त्या आयांचंही काही चुकलं नव्हतं.

त्या पहिल्या अर्जाच्या वेळी आपण सोबत नव्हतो ही सल किल्लीवाल्याच्या मनातून जात नव्हती. म्हणून ताईचा कुठलाही कागद आता त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय हलायचा नाही.

लिफाफ्यातलं पत्र त्याने सात वेळा वाचलं. पत्र कोर्टाच्या हुकमावरून आलं होतं. त्या कंपनीने गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारलेल्या विम्याबद्दल सगळ्यांच्या वतीने मिळून एक सामूहिक दावा लागला आहे, आपण त्या दोन हजार गिऱ्हाइकांपैकी आहात, असं त्यात म्हटलं होतं. दाव्यात राहायचं असेल तर काहीही करू नका. राहायचं नसेल तर सोबतच्या अर्जावर खूण करून, सही करून, महिन्याच्या आत पाठवा.

"बघितलंस?" त्याने बायकोपुढे पत्र आपटलं. "पुन्हा तोच डाव. म्हणे काहीही करू नका. मागे काही केलं नाही तर विमा बोकांडी बसला. आता काय बसणार आहे?"

"अहो, कोर्टाचं पत्र आहे. शिक्का आहे त्यावर."

"शेजारच्या टपरीत रबरी शिक्के करून मिळतात. सांगशील त्या नावाचे."

"मग त्या वकीलबाईंना भेटून या की. पत्ता दिलाय ना? पण ताईंचं वाटोळं करू नका तुमच्या शंकेपायी."

तो गेला. वकीलबाईंची कचेरी एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होती. किल्लीवाल्याने दारावरची पाटी वाचायच्या आधी कुलूप बघितलं. असलं कुलूप तो केसांच्या पिनेने उघडत असे. आणि आत दोन हजार माणसांची कागदपत्रं! ज्यांना कागदांची काळजी नाही त्यांना माणसांची कुठून असणार, असं त्याच्या मनात आलं.

वकीलबाई तरुण होत्या, फायलींच्या ढिगामागे अर्ध्याच दिसत होत्या. "काका, तुमच्या ताईंना काहीच करायचं नाहीये. त्या दाव्यात आहेतच."

"तिला न विचारता?"

"कायदाच तसा आहे. एकेकट्याला परवडत नाही म्हणून सगळ्यांचा एकच दावा. नको असेल त्याने बाहेर पडायचं."

"आणि तुमची फी?"

"जिंकलो तर कोर्ट ठरवेल तेवढी, त्याच पैशातून. हरलो तर काही नाही."

किल्लीवाला हसला. तीस वर्षांत त्याला फुकट पाणी पाजणारा माणूससुद्धा नंतर किल्ली फुकट मागायला आला होता. "आणि हरल्यावर खर्च ताईच्या माथी येणार नाही, हे कशावरून?"

"पत्राच्या चौथ्या पानावर स्पष्ट छापलंय, काका."

त्याने तिथेच चौथं पान उघडलं. अक्षरं पुन्हा मुंगीएवढी होती. झालं! त्याच्यापुरता दाव्याचा निकाल तिथेच लागला. जिना उतरताना त्याला आणखीही एक सुचलं. ही बाई कंपनीचीच माणूस असली तर? एका दाव्यात दोन हजार तोंडं बंद, आणि सही कुणाचीच नको. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, पण किल्लीवाल्याने ताकाचं भांडंच उपडं करायचं ठरवलं.

ताई पाळण्याजवळ बसली होती. तिच्या बोटाला दोरी बांधलेली होती आणि दोरीचं दुसरं टोक पाळण्याला होतं. बाळ हललं की बोट ओढलं जायचं. त्याने अर्ज पुढे धरला. खूण त्याने आधीच केली होती, ठसठशीत, दोनदा गिरवून.

"यातून माझं यंत्र परत मिळेल ना?" ऐकू येईनासं झाल्यापासून तिचा आवाज चढला होता.

"पुन्हा फसणार नाहीस, एवढं नक्की," तो ओठ नीट हलवत म्हणाला.

"तू वाचलंस ना? मग झालं." आणि तिने सही केली. त्याने तो अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला, पावती जपून ठेवली आणि कितीतरी दिवसांनी शांत झोपला.

पाच महिन्यांनी समोरच्या दुकानातला शिंपी हसत हसत आला. त्याच्या वडिलांनी त्याच कंपनीचं यंत्र घेतलं होतं आणि तेही असंच ओढून नेलं होतं. शिंप्याच्या एका हातात चेक होता, दुसऱ्या हातात डबी. "काका, यंत्र परत आलं, वर विम्याचे पैसे! तुमच्या ताईंचंही आलं असेल की!"

"चेक वटू दे आधी," किल्लीवाला म्हणाला. त्याने यंत्रावरचा नंबर भिंग लावून तपासला. नंबर खरा होता. तिसऱ्या दिवशी चेकही वटला. त्या दुपारी त्याने दुकान अर्ध्यावर बंद केलं आणि वकीलबाईंचा जिना धापा टाकत चढला. या वेळी कुलपाकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

वकीलबाईंनी यादी काढली. दोन हजारांतून सहा जण बाहेर पडले होते, त्यात तिसरं नाव ताईचं.

"यांनी स्वतःच अर्ज पाठवलाय, काका. मला वाटलं, तुम्ही वेगळा वकील केला असेल. असं बाहेर पडणारे बहुतेक त्यासाठीच पडतात."

"मग आता लावू वेगळा दावा. दुकान विकतो हवं तर."

"वेगळ्या दाव्याची मुदत गेल्या महिन्यातच संपली."

जन्मात पहिल्यांदा किल्लीवाल्याला वाटलं, यात कुणीतरी लबाडी केलेली असली तर किती बरं. कुणी खोटा अर्ज घुसडला असेल, पोस्टात अदलाबदल झाली असेल. त्याने अर्ज मागितला, उजेडात धरला. दोनदा गिरवलेली खूण त्याचीच होती. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

पाळणाघरापर्यंत चालताना एक सोपी थाप त्याच्या तोंडाशी आली: कंपनीने तुझे कागद हरवले. कंपनीबद्दल कुणीही खरी मानली असती. पण दारातून आत एकच मूल झोपलेलं दिसलं आणि थाप घशातच राहिली.

"ताई, दाव्याचे पैसे आले. सगळ्यांचे. यंत्रंही परत दिली. तुझं येणार नाही." तिला कळलं नाही. त्याला तीनदा सांगावं लागलं, आणि दर वेळी ते अधिक जड झालं. "मी काढलं तुझं नाव. त्या अर्जाने."

"तू वाचलं होतंस ना रे?"

"सात वेळा."

ताई रागावली असती, रडली असती, तर त्याला सोसलं असतं. तो घाईघाईने म्हणाला, "नवं यंत्र मी घेऊन देतो. किल्ल्या कापायचं मशीन विकतो. सहा महिन्यांत, माझ्या गळ्याची शपथ."

त्याचं बोलणं संपलं तरी ताईची नजर त्याच्या ओठांवरच होती. मग ती उठली, फळीवरून मुलांच्या हजेरीची वही काढली, मागचं कोरं पान फाडलं आणि पेनसकट त्याच्यापुढे ठेवलं.

"लिहून दे," ती म्हणाली. "आणि तारीख टाक."

त्याने लिहिलं, तारीख टाकली, खाली सही केली. ताईने कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागली.