डालीच्या काठावरचे अक्षर

वैशाखातल्या दुपारी, भरतीची गाज मंदावून समुद्रसुद्धा डोळे मिटून पडलेला असे तेव्हा, भिजलेल्या मेथीचा कडवट वास आणि मुसळाचा संथ, ओला आवाज माडांच्या सावल्यांतून माझ्या खोलीपर्यंत येई. शेवंतीकाकींच्या घरात त्या वेळी दुसरा आवाजच नसायचा. ऐंशी साल नुकते उलटले होते. तोंडवलीच्या शाळेत माझी बदली झाली आणि काकींच्या पडवीला लागून असलेली खोली मला भाड्याने मिळाली. मे महिन्याच्या सुटीत बाकीच्या शिक्षिका आपापल्या गावी जात; आईवडील गेल्यापासून मला जायला गाव उरले नव्हते. त्यामुळे रिकाम्या अंगणातला तो मुसळाचा आवाज हीच माझी सोबत होती.

काकी कुटत ते कागद सिनेमाच्या जाहिरातींचे. फिरत्या तंबूतला सिनेमा पाऊस तोंडावर आला की आपला गाशा गुंडाळी, आणि हंगामभर फळ्यांना टाचून नाक्यानाक्यावर मिरवलेल्या त्या रंगीत जाहिराती एकदम निरुपयोगी होत. त्यांची सुतळीने बांधलेली वळकटी एसटीच्या टपावरून काकींच्या दारी येई. मेथीबरोबर दोन दिवस भिजवून काकी तो कागद दगडी वायनात लोण्यासारखा मऊ होईपर्यंत कुटत, आणि बांबूची वीण सैल झालेल्या जुन्या डालींना, म्हणजे धान्याच्या टोपल्यांना, आतून-बाहेरून त्याचा हात देत. मग ना दाणा गळे, ना किडा शिरे. पावसाळ्याची बेगमी भरायच्या आधी गावातल्या बायका आपापल्या डाली डोक्यावर घेऊन येत. सगळ्यांत वर काकी न कुटलेले रंगीत तुकडे चिकटवीत. म्हणून कोणाच्या कोकमाच्या सोलांवर एखाद्या नायिकेचा पाणीदार डोळा पहारा देई, तर कोणाच्या कुळथावर खलनायकाची मिशी फुरफुरे. "माका तो मिशयेवालो नको गो, घोव आसा तितको पुरे," असे कोणीतरी म्हणे आणि सगळ्या खिदळत. काकीही हसत, पण त्यांचे हसू ओठांवरून पुढे जात नसे.

कारण त्या वळकटीत त्यांचा जीव अडकलेला होता. प्रत्येक जाहिरातीच्या तळाशी छापखाना एक पांढरी पट्टी कोरी सोडतो. तंबू ज्या गावी असेल त्या गावाचे नाव आणि खेळाची वेळ तिथे कुंचल्याने लिहितात. ते लिहिणारा हात दिनूचा, काकींच्या एकुलत्या एका मुलाचा. पूर्वी तो कोळ्यांच्या होड्यांवर नावे रंगवायचा. वडील गेल्यावर त्याचे मन गावात रमेना, आणि एका हंगामात तो रंगाचा डबा घेऊन तंबूबरोबर चालता झाला. आईला वाचता येत नाही, म्हणून पत्र धाडण्याचा प्रश्न नव्हता. तिच्या कामाचे कागद तेवढे तो न चुकता धाडी. वळकटी आली म्हणजे दिनू आहे, एवढाच त्याचा अर्थ, आणि काकींना तो पुरत होता.

त्या पट्ट्या काकी कधी कुटत नसत. नीट कापून माझ्यासमोर मांडत आणि म्हणत, "वाच गो बाय, खंय खंय जाऊन इलो तो." मी वाचायची : कुडाळ, कणकवली, सावंतवाडी. डोळे मिटून त्या ऐकत, जणू त्या गावांच्या धुळीतून त्याच्या मागोमाग चालत आहेत. एकदा एका पट्टीवर कुणकेश्वर निघाले. शिवरात्रीच्या जत्रेला तो इतक्या जवळ येऊन गेला होता. काकी पदराने ती पट्टी उगाचच पुसत राहिल्या. मला त्या दिनूचा, ज्याला मी कधी पाहिलेही नव्हते, फार राग आला. नंतर ती पट्टीही एका डालीच्या काठावर चिकटली आणि कोणाच्या तरी घरी गेली. गावातल्या घराघरांत दिनूचे अक्षर नांदत होते, आणि त्याच्या स्वतःच्या घरात तो नव्हता.

एका वर्षी वळकटी नेहमीसारखीच आली. तीच सुतळी, तसाच उन्हाने विटलेला कागद. काकींनी गाठ सोडली, पहिली जाहिरात पसरली आणि त्यांचा हात पट्टीवर थबकला. दिनूच्या वेलांट्या वाऱ्याने शीड फुगावे तशा असायच्या. ही अक्षरे बारकी, बिचकत लिहिल्यासारखी होती. दुसरी जाहिरात उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे तोच परका हात.

"माज्या झिलाचां अक्षर न्हय ह्यां," काकी हळूच म्हणाल्या.

कागद तंबूवाल्यांनी सवयीने पाठवले असतील. दिनू दुसरीकडे गेला असेल, आजारी असेल. पुढचा विचार मला करवेना. मी म्हटले, "काकी, मी कणकवलीला जाऊन चौकशी करते. तंबूचे कोणीतरी भेटेल."

"नको गो बाय," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "इचारलां की उत्तर येतलां."

ऊन पडवीवरून सरकत अंगणाच्या कडेला गेले. मला त्यांना जवळ घ्यावेसे वाटत होते, पण ते धैर्य झाले नाही. मग त्यांनी मेथी भिजत घातली, कात्री घेतली आणि त्या परक्या अक्षराच्या पट्ट्याही एकेक करून तशाच जपून कापल्या.

"आसांदे," त्या म्हणाल्या. "ह्यो पण खंयच्या तरी आवशीचो झील."

कोणा दुसऱ्या आईच्या त्या मुलाने लिहिलेल्या एका पट्टीवरची सुरकुती त्यांनी अंगठ्याने सावकाश सपाट केली. काळ माणसाला घेऊन जातो आणि त्याची आठवणही पुसट करीत नेतो. पण वाट पाहण्यात मुरलेली माया मागे उरते, आणि आपले कोणी समोर नसले तरी तिला हात फिरवायला कोणीतरी लागतेच.