शेवटचं कटर

"प्रतीक्षा, हळू. जपून," म्हणत माझ्या गाईडनी, औटी सरांनी, मशीनचा फीड, म्हणजे कटर पुढे सरकायचा वेग, आणखी कमी केला. टक्कन कटर मोडलं. केसाहून जरासं जाड, परदेशातून मागवलेलं.

"हात जड हाये तुझा!"

हात कुठून जड? मशीन कॉम्प्युटरवर चालतं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"सर, किती जोर पडेल ते माझ्या गणितानं आधीच सांगितलंय. धार कितीही तीक्ष्ण असली तरी टोकाला किंचित गोल असते. फीड कमी ठेवून त्याहून पातळ काप घेतला की ती कापतच नाही. बोथट विळी टोमॅटोवर टेकवल्यासारखी नुसती चेपते. न कापलेला धातू साठत जातो, जोर वाढतो आणि कटर मोडतं."

"बारीक काप, तर जोर बी बारीक. आता हे तू शिकवणार मला?" सर हसले, मग प्रयोगशाळेतले सगळेच हसले.

आता एकच कटर उरलं होतं. तेही मोडलं तर माझ्या एम.ई.वर पाणी.

पिंपरी पेंढारला घरी आल्यावर कोंडाआजीपुढे सगळं ओकले. ती म्हणाली, "तोंड आवर गं पोरी. त्यांची सही लागती आपल्याला. आपल्यासारख्यांनी जपूनच ऱ्हायचं." मला तिचाही राग आला. जपून राहून हिला काय मिळालं? जन्मभर दुसऱ्यांच्या मळ्यात खुरपणं.

दुसऱ्या दिवशी सर मीटिंगला गेले होते. मी फीड सरळ दुप्पट केला, गणितात आला होता तेवढा. भीतीपेक्षा संताप जास्त होता. कटर धातूत शिरलं आणि चकचकीत कीस पडू लागला. पडद्यावर जोराची रेघ मी काढलेल्या आलेखाला धरून चालली होती. खाच पुरी झाली. कटर शाबूत.

तेवढ्यात सर पाहुण्यांना घेऊन आले. खाच पाहिली आणि छाती फुगवून म्हणाले, "बघा राव! मी म्हणत व्हतो ना, जपून केलं की टिकतं!"

पाहुण्यांनी माना डोलावल्या. आजीचं बोलणं आठवलं. सही अजून व्हायची होती.

"नाही सर," मी म्हणाले, "जपलं नाही, म्हणून टिकलं." आणि कटर काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं.