सहा कलदार, सात हाली

उमादेवीनं तीस रुपये मोजले, पदराला न बांधता पुन्हा दिराच्या पुढ्यात ठेवले आणि विचारलं,

"भाऊजी, वरचे पाच कुठं गेले?"

रेणुकादास शाळेतून येऊन नुकता टेकला होता. डोक्यावरची टोपीही अजून उतरली नव्हती. दर महिन्याला तो थोरल्या भावाची मनिऑर्डर सोडवून आणायचा, पैसे वहिनीच्या हाती द्यायचा आणि दादाची खुशाली तोंडी सांगायचा. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. आज वरचे पाच कुठले, तेच त्याच्या ध्यानात येईना.

उमादेवीच्या मात्र सकाळीच सगळं ध्यानात आलं होतं. शेजारच्या रत्नम्माचा मुलगा मुंबईला होता. गोदावरीवर धुणं धुताना रत्नम्मा सहज बोलून गेली, की पोरगा तीस पाठवतो आणि हाती पस्तीस पडतात. तिकडं इंग्रजांचा कलदार रुपया, इकडं निजामाचा हाली. सहा कलदार दिले की सराफ सात हाली मोजतो. नांदेडात शेंबड्या पोरालाही हा भाव पाठ होता. उमादेवीलाच नव्हता, कारण बाजार तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. तिचा नवरा मार्तंड लातूरची अडत सोडून सोलापूरच्या गिरणीत कारकून झाला, त्याचा पगार कलदारात. तो तीस पाठवणार आणि घरात तीसच येणार, तर मधल्या मधे पाच कुणीतरी खात होतं. आणि मधे एकच माणूस होता.

"बदलून कुठं आणता?" तिनं विचारलं.

"खाजामियाँ सराफाकडं."

हे तो फार पटकन बोलला. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"चुकलं माझं, वहिनी. पुढच्या महिन्यापासून पस्तीस देतो."

तो भांडेल, हिशेब सांगेल, निदान चिडेल तरी, असं तिला वाटलं होतं. इतक्या सरळ कबुलीनं ती हबकलीच. ज्याला ती या घरातला देवमाणूस समजत होती, त्यानं आपल्याच भावाच्या बायकोला लुबाडावं, आणि तेही महिन्याच्या महिन्याला! सासूबाईंनी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं. थोरल्यानं परमुलखात घाम गाळायचा आणि धाकट्यानं त्यावर हात मारायचा, एवढं एकदाच बोलून त्यांनी रेणुकादासाशी अबोला धरला. ताट वाढून ठेवायच्या आणि पाठ फिरवायच्या. तो मुकाट्यानं जेवून उठायचा.

पस्तीस मात्र ठरल्याप्रमाणे येऊ लागले. रेणुकादासाला घरी यायला दिवेलागण उलटून जायची. शाळेत काम असतं म्हणायचा. आता त्याच्या बोलण्यावर विश्वास कोण ठेवणार? उमादेवी वरचे पाच वेगळे ठेवू लागली. खोली मिळाली की नेतो, असं सांगून मार्तंड गेला होता, आणि त्या खोलीची वाट बघून तिचे डोळे दुखायला आले होते. तिनं मनाशी ठरवून टाकलं, की गाडीभाड्यापुरते जमले की आपणच जायचं. सोलापुरात हाली कोण घेणार, म्हणून एका दुपारी ती रुमालात रुपये बांधून खाजामियाँच्या दुकानी गेली.

खाजामियाँ घरोब्यातला माणूस. त्यानं बसायला पाट दिला. तिनं रुमाल सोडला आणि जरा ठसक्यातच म्हणाली, की आमच्या भाऊजींना दर महिन्याला देता तोच भाव मला द्या, बाईमाणूस म्हणून फसवू नका.

"मास्तरांना?" खाजामियाँचा हात रुपयांवरच थांबला. "मास्तरांनी हितं कलदार कधी आणलाच न्हाई, बाई. त्यांची सगळी कमाई हालीच. शाळेचा पगार हाली, शिकवण्यांचे पैसे हाली."

"शिकवण्या?"

"तीन घरी शिकवत होते. मधी आले, अजून एक घर बघून द्या म्हणले. माझ्या भावाकडं लावून दिलं. पाच रुपये देतो त्यो."

उमादेवीनं रुमालाला पुन्हा गाठ मारली.  खाजामियाँ काय झालं म्हणून विचारत होता, पण तिला ते ऐकू येत असून कळत नव्हतं. घरापर्यंत ती कशी आली, तिचं तिला ठाऊक.  रागवायचं कुणावर, हेही ठरवता येईना.

अंधार पडल्यावर रेणुकादास आला. ती ओट्यावरच बसून होती.

"भाऊजी, सोलापूरहून पैसे येतात का?"

त्यानं चप्पल काढता काढता वर बघितलं. 

"न्हाई, वहिनी."

"कधीच आले न्हाईत?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"जिवंत हायत ना?"

"हाव," तो म्हणाला. दुसरी चप्पलही काढून ठेवून पुढं बोलला, "मी जाऊन आलो. तिकडं दुसरं घर केलंय त्यानं. लेकरू हाय."

उमादेवी ओट्याच्या दगडावरून हात फिरवत राहिली. हा माणूस हिशेबात कच्चा नव्हता. सहाचे सात होतात हे त्यालाही ठाऊकच असणार. पण पैसे कलदारातून आले असते तर किती झाले असते, हे काही त्याला सुचलं नव्हतं, कारण ते आलेच नव्हते. तिला जोरात रडू येईल असं वाटलं, आणि आलं नाही.

रेणुकादासानं खिशातून या महिन्याचे पैसे काढले आणि सवयीनं तिच्यापुढं धरले. तिनं त्यातले तीस घेतले. पाच त्याच्या मुठीत परत ठेवले आणि मूठ मिटवली. रुमालाची पुरचुंडीही त्याच्याजवळ सरकवली.

"मार्तंडाची मनिऑर्डर आली का गं?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"आली," उमादेवी म्हणाली. "तीस आलेत. पहिल्यापासून तीसच बरोबर होते, आई. भाव मीच चुकीचा धरला होता; वरचे पाच भाऊजी पदरचे घालत होते. भाऊजींनी एक पैसाबी खाल्ला न्हाई."

 मग सासूबाई दारापर्यंत आल्या.

"आणि दिवाळीला येतो म्हणतोय का?"

दोन वर्षं या प्रश्नाचं उत्तर रेणुकादास देत आला होता. आज त्यानं मान खाली घातली. उमादेवीनं पैसे पदराला बांधले आणि ती उठली.

"खोली बघायलेत म्हणं," ती म्हणाली. "लई काम हाय म्हणतात."